ती चांगली गाडी नाही

"ती चांगली गाडी नाही. मला आवडते, एवढंच." शेजारचे आजोबा हे वाक्य सहज बोलून गेले आणि ते माझ्या डोक्यात रुतून बसलं. मे महिन्यातली सकाळ होती. हिवाळाभर रस्त्यांवर टाकलेलं मीठ चांगल्या पावसाने धुऊन निघाल्याशिवाय आमच्या मिशिगनमध्ये कुणी जुनी गाडी बाहेर काढत नाही. ते पाऊस पडून गेले होते आणि आजोबांच्या गॅरेजमधून ती काळी ब्युइक ग्रँड नॅशनल बाहेर आली होती. त्यांच्या नातीला नुकतंच लायसन्स मिळालेलं. 'एक चक्कर मारून येऊ का?' एवढंच तिने विचारलं. आजोबांनी काळ्या गाडीची किल्ली खिशात टाकली आणि रोजच्या गाडीची तिच्या हातात ठेवली. ती हिरमुसून निघून गेली. मग माझ्याकडे वळून ते हे वाक्य बोलले, आणि लगेच मऊ फडकं घेऊन बॉनेट पुसायला लागले. त्या पुसण्यात इतकी माया होती की आत्ताच ऐकलेलं वाक्य याच माणसाचं आहे यावर विश्वास बसेना.

माझं पोट ब्रेकवर चालतं. डेट्रॉइटच्या उपनगरातल्या एका कंपनीत मी गाड्यांच्या ब्रेकचं काम करतो, त्यामुळे 'चांगली गाडी' म्हणजे काय याची व्याख्या मला झोपेतसुद्धा सांगता येईल. जी गाडी तिला न ओळखणाऱ्या माणसालाही सांभाळून नेते, पावसात, घाईत, मागच्या सीटवर मूल रडत असताना, ती चांगली. या व्याख्येत आजोबांची ग्रँड नॅशनल बसत नाही. तरीही ती रस्त्यावरून गेली की मी हातातलं काम सोडून खिडकीशी जातो. या दोन गोष्टी एकाच मनात नांदतात कशा, हे मला स्वतःशी नीट मांडून बघायचं होतं.

आधी तिचं दिसणं. ब्युइक रीगल ही मुळात सुखवस्तू, मध्यमवयीन माणसाची दोन दारांची गाडी. मऊ सीट, हलकं स्टिअरिंग, चौकोनी पाठ, फार काही बोलायचं नाही असा चेहरा. ग्रँड नॅशनल करताना त्या चेहऱ्यावरचं चकचकीत क्रोम काढून टाकलं आणि सगळं काळं केलं: ग्रिल काळी, बंपर काळे, खिडक्यांच्या कडा काळ्या. बॉनेटवर एका बाजूला उंचवटा, त्यावर लहानसं चिन्ह. बस्स. नाव आलं ते नॅसकार ही संस्था भरवते त्या स्टॉक कार शर्यतींच्या मालिकेवरून. १९८१ आणि १९८२ या दोन्ही वर्षी नॅसकारचं उत्पादकांचं विजेतेपद ब्युइककडे होतं आणि डॅरेल वॉल्ट्रिप ब्युइक रीगल चालवून चालकांचा विजेता झाला होता. १९८२ची पहिली ग्रँड नॅशनल करड्या छटांची होती, आणि तिच्यातल्या बहुतेकींना टर्बोसुद्धा नव्हता. १९८४ला ती काळी झाली आणि मग काळीच राहिली. लांबून पाहिलं तर एखाद्या विमा एजंटाची गाडी वाटावी. शेजारून गेल्यावर मात्र माणूस मान वळवतो, आणि कशामुळे वळवली हे त्याला चटकन सांगता येत नाही.

पण माझा जीव गुंतला तो इंजिनात. अमेरिकन मसल कार, म्हणजे दणकट ताकदीची गाडी, म्हटलं की आठ सिलिंडर, हे इथे जवळजवळ धर्मवचन आहे. या गाडीत सहा. आणि त्या सहांची कहाणी अशी की ती ऐकून मला कायम एखाद्या घरातून काढून दिलेल्या आणि पुढे त्याच घराला सावरणाऱ्या मुलीची आठवण होते. ब्युइकने हे व्ही-सिक्स, म्हणजे इंग्रजी व्हीच्या आकारात दोन रांगांत सहा सिलिंडर असलेलं, इंजिन १९६२ साली आपल्या स्पेशल मॉडेलसाठी आणलं. मोठ्या संख्येने बनलेल्या अमेरिकन मोटारींमधलं हे पहिलं व्ही-सिक्स. हातात असलेल्या आठ सिलिंडरच्या आराखड्यावरून काढलेलं, म्हणून दोन बाजूंमधला कोन नव्वद अंशांचा, आणि त्या कोनामुळे चाल थोडी लंगडी, थरथरती. पेट्रोल स्वस्त होतं, गिऱ्हाइकाला मोठं इंजिन हवं होतं, आणि १९६७ मध्ये ब्युइकच्या मालक कंपनीने, जनरल मोटर्सने, या इंजिनाची सगळी यंत्रसामग्री कायझर-जीपला विकून टाकली. काही वर्षं ते जीपमध्ये धावलं. मग जीप अमेरिकन मोटर्सकडे गेली आणि तिथे हे इंजिन कुणाला नकोसं झालं.

नंतर १९७३चं तेलसंकट आलं. पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, आणि ज्या कंपनीने लहान इंजिन विकलं होतं तिला आता लहान इंजिन तातडीने हवं होतं. १९७४ मध्ये जनरल मोटर्सने तीच यंत्रसामग्री परत विकत घेतली आणि मिशिगनमधल्याच फ्लिंट गावात ते इंजिन पुन्हा सुरू झालं. १९७७ मध्ये क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, पिन दुभागून त्याची लंगडी चाल सरळ केली. १९७६च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत सगळ्या गाड्यांच्या पुढे धावणारी जी पेस कार होती, त्या ब्युइक सेंच्युरीत याच व्ही-सिक्सवर टर्बो बसवला होता. १९७८ पासून टर्बो लावलेली रीगल दुकानात मिळू लागली. या इंजिनाचे वंशज फ्लिंटमध्ये थेट २००८ पर्यंत बनत राहिले. आजोबांनी सगळी नोकरी त्याच इंजिनांच्या जुळणीवर काढली. ते सांगतात तेव्हा आवाज चढत नाही, फक्त हात बोलू लागतात: बेअरिंगची टोपी अशी बसवायची, बोल्ट असा आवळायचा. हे सगळं गरजेतून आलं. पेट्रोल वाचवायचं आहे, धुराचे नियम कडक आहेत, आठ सिलिंडर परवडत नाहीत, मग सहांनाच जास्त हवा पाजू. या विचारातून ही गाडी निघाली. सुबत्तेच्या काळात हिचा जन्म झाला नसता, आणि मला ती आवडण्यामागे हे कारण इतर कुठल्याही कारणापेक्षा मोठं आहे.

टर्बोचं काम महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको. डिझेल गाडीने घाट चढलेल्या प्रत्येकाला तो क्षण ठाऊक आहे: पाय दाबला, काही झालं नाही, आणि मग एकदम पाठीवर हात पडल्यासारखी गाडी निघाली. बाहेर फेकला जाणारा गरम धूर एक चक्र फिरवतो, ते चक्र ताजी हवा इंजिनात कोंबतं. पण चक्राला वेग घ्यायला वेळ लागतो. ग्रँड नॅशनलमध्ये १९८६ साली इंटरकूलर आला, म्हणजे कोंबलेली हवा आत जाण्याआधी थंड होऊ लागली; थंड हवा दाट असते, जास्त मावते. त्या वर्षी ताकद २३५ अश्वशक्ती झाली, १९८७ला २४५, आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ३५५ पाउंड-फूट. जनरल मोटर्सच्याच त्या वर्षीच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारच्या ५.७ लिटरच्या व्ही-एटची ताकद २४० होती. घरातल्या देखण्या, लाडक्या लेकीपेक्षा ३.८ लिटरची ही सहा सिलिंडरवाली कागदावरच पुढे होती. रस्त्यावर तर होतीच.

आजोबांनी मला पहिल्यांदा शेजारी बसवलं ती संध्याकाळ मला अजून नाकाने आठवते. जुन्या मखमली सीटचा, उन्हात तापलेल्या प्लास्टिकचा आणि इंजिनाच्या गरम तेलाचा मिळून एक वास आत भरला होता. गाडी सुरू झाल्यावर आवाज अगदी मवाळ, थोडा घोगरा. आठ सिलिंडरची ती छातीतली गुरगुर हिच्याकडे नाहीच. रस्ता मोकळा झाला. त्यांनी डाव्या पायाने ब्रेक धरून ठेवला आणि उजव्याने हळूहळू पेट्रोल द्यायला सुरुवात केली. गाडीचं नाक किंचित उचललं गेलं, मागचा भाग खाली बसला. समोरच्या पट्टीवर बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, दाखवणारे दिवे एकेक करून लागू लागले. लक्ष्मी रोडवर पथकाच्या पुढ्यात उभं राहिलं की आधी नुसता ताशा कडकडत असतो, सगळे ढोलवाले हात वर करून थांबलेले असतात, आणि आता पडणार, आता पडणार म्हणताना सगळे ढोल एकदम पोटात पडतात. अगदी तसं झालं. ब्रेक सुटला, शिट्टीसारखा बारीक आवाज चढत गेला आणि मी सीटमध्ये दाबला गेलो. धडकी आणि आनंद वेगळे करता येईनात. गिअर आपला आपण बदलला, जोर कमी झाला नाही.

आणि मग पुढचा सिग्नल आला.

आजोबांनी पेट्रोलवरचा पाय फार आधी काढला. मला वाटलं त्याच्याही फार आधी. मी ब्रेकवाला माणूस, त्यामुळे त्यांनी तो पाय कुठे काढला हे माझ्या नजरेतून सुटलं नाही, आणि त्यामागचं कारणही मला माहीत होतं. या गाडीला पळण्यासाठी जे दिलं ते थांबण्यासाठी दिलं नाही. सोळाशे किलोच्या आसपास वजन, पुढे साधारण आकाराच्या डिस्क, मागे ड्रम. साध्या, शांत रीगलला जे पुरलं तेच हिच्या वाट्याला आलं. त्यातही एक गुंता आहे. साध्या पेट्रोल गाडीत ब्रेकच्या पायाला मदत मिळते ती इंजिनाच्या शोषणाऱ्या पोकळीतून. टर्बो हवा कोंबतो तेव्हा तिथे पोकळी नसते, उलट दाब असतो. म्हणून या गाड्यांमध्ये एक वेगळी यंत्रणा दिली: विजेवर चालणारा छोटा पंप तेलाचा दाब साठवून ठेवतो आणि तो साठा ब्रेकला मदत करतो. कल्पना हुशार आहे. नव्या गाडीत ती छान चालते. पण वय झाल्यावर दाबाचं बटण, पंप आणि साठवणीचा गोळा यांपैकी काहीही थकू शकतं, आणि ते थकलं की पायाखालचं पेडल दगडासारखं होतं. ज्यांच्याकडे या गाड्या आहेत ते किल्ली फिरवून इंजिन सुरू करण्याआधी कान देऊन थांबतात: पंप घुंई करून सुरू झाला का, किती वेळ चालला, वेळेवर बंद झाला का. तो आवाज ओळखता येणं हा या गाडीच्या मालकीचा भाग आहे. आजोबाही थांबतात. नातीने थांबायला हवं हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

त्या गाडीत मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी वस्तू मात्र वेगळीच: वेगाचा काटा. तो ८५ मैलांवर संपतो. १९७४ पासून अमेरिकेत देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा होती, आणि सत्तरच्या दशकाअखेरीस तर काट्यावर ८५च्या वरचे आकडे नकोत असा सरकारी नियमच आला. नियम लवकरच गेला, पण ८५चे काटे बऱ्याच गाड्यांत राहून गेले, त्यात हीसुद्धा. म्हणजे पाच सेकंदांच्या आसपास शून्यावरून साठ मैल गाठणारी गाडी, आणि थोड्याच वेळात तिचा काटा टोकाला टेकतो. त्यापुढे किती वेग आहे हे गाडी सांगत नाही. मी रोज ज्या माणसांबरोबर काम करतो ती सगळी एका गोष्टीसाठी झटत असतात, की चालकाला काय चाललंय ते कळलं पाहिजे. इथे गाडी ऐन वेळी तोंड मिटून घेते. तो काटा टेकलेला मी एकदा पाहिला आहे, शर्यतीच्या बंद ट्रॅकवर, आणि मला तो पाहायला आवडला नाही.

बाकीचे दोष लहान वाटतात, पण घरात राहणाऱ्याला लहान दोषच जास्त छळतात. लांब दारं स्वतःच्या वजनाने खाली झुकतात आणि बिजागऱ्या कुरकुरतात. छताचं आतलं कापड सुटून डोक्यावर येतं. बंपर आणि बॉडी यांच्यातले प्लास्टिकचे तुकडे तडकून पडतात. चेसिस वेगळी, बॉडी तिच्यावर ठेवलेली, त्यामुळे वळणावर गाडी आधी झुकते आणि मग विचार केल्यासारखी वळते. इंजिनात झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टवर घासत चालणारे जुन्या धाटणीचे टॅपेट आहेत. त्यांना जस्त असलेलं तेल लागतं, आणि आजच्या तेलांमध्ये ते कमी असतं, त्यामुळे बेसावध माणसाच्या हातात कॅमची टोकं झिजून सपाट होतात. सर्वांत मोठी भीती नॉकची. हवा जास्त कोंबली, पेट्रोल हलकं पडलं, दिवस तापलेला असला की मिश्रण वेळेआधी पेटतं; गाडीतला संगणक ते ऐकून ठिणगी मागे घेतो, पण त्यालाही मर्यादा आहे. मग हेडचं गॅस्केट जातं. तो संगणक ही या गाडीची खरी देणगी होती: १९८४ पासून प्रत्येक सिलिंडरला त्याच्या त्याच्या वेळी पेट्रोल आणि डिस्ट्रिब्युटरशिवाय ठिणगी, तेही ज्या काळात रस्त्यावर बहुसंख्य गाड्या कार्ब्युरेटरच्या होत्या. त्यातली चिप बदलून बूस्ट वाढवता येतो हे पोरांच्या लवकरच लक्षात आलं. थोड्या पैशांत भरपूर ताकद. त्या मोहात किती इंजिनं गेली असतील! ज्या गाडीचं काहीच बदललेलं नाही अशी गाडी आज शोधावी लागते, आणि सापडली तर तिची किंमत बघून परत यावं लागतं.

माझी आणि या गाडीची ओळख मात्र फार जुनी. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास रद्दीतून आलेली परदेशी मासिकं मिळायची. पानं गुळगुळीत, वास परका, किंमत घासाघीस करून ठरवायची. अशाच एका मासिकात काळ्या गाडीचं पानभर छायाचित्र होतं. तेव्हा आमच्या वाड्यासमोर कुणाची तरी पद्मिनी उभी असायची, चाळीसेक अश्वशक्तीची, आणि ती पहिल्या खटक्यात सुरू झाली की लोकांना बरं वाटायचं. त्या छायाचित्राखालचे आकडे मला खरे वाटले नव्हते. मजकुरातलं निम्मं इंग्रजी कळत नव्हतं, पण काळ्या रंगावर पडलेला उजेड कळत होता. ते पान मी कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकाच्या कव्हरखाली ठेवलं. पुढे इंजिनिअरिंग, मग इथली नोकरी. फ्लिंट, पॉन्टिअ‍ॅक ही नावं नकाशावरून उठून रोजच्या रस्त्यांवरच्या पाट्यांवर आली, आणि ती काळी गाडी चक्क शेजारच्या गॅरेजमध्ये निघाली.

मासिकातली गाडी साधी ग्रँड नॅशनल नव्हती, ती जीएनएक्स होती, हे मला इथे आल्यावर समजलं. १९८७ हे मागच्या चाकांवर चालणाऱ्या रीगलचं शेवटचं वर्ष. १९८८ची रीगल पुढच्या चाकांवर चालणारी, पूर्ण वेगळी. निरोप घ्यायचाच तर काहीतरी करून घ्यावा या विचाराने ब्युइकने एएससी-मॅकलॅरन या बाहेरच्या कंपनीला हाताशी धरलं आणि ५४७ गाड्या वेगळ्या बनवल्या. टर्बोचं चक्र सिरॅमिकचं, म्हणजे हलकं, म्हणजे लवकर वेग घेणारं, इंटरकूलर मोठा, मागच्या आसाला जागेवर धरणारे जास्तीचे दांडे, चाकांवर रुंद कमानी, आणि पुढच्या दोन्ही बाजूंना गरम हवा बाहेर टाकणाऱ्या जाळ्या. ताकद २७६ सांगितली गेली, आणि ती मुद्दाम कमी सांगितली असं इथे सगळे मानतात. डॅशबोर्डवर डिजिटल दिव्यांऐवजी काट्यांचे मीटर आणि प्रत्येक गाडीच्या क्रमांकाची पट्टी. किंमत २९ हजार डॉलरच्या घरात, त्या वर्षीच्या कॉर्व्हेटहून जास्त. मागचे ब्रेक तेवढे ड्रमचेच राहिले! एवढं सगळं केलं आणि तिथे हात आखडला, हे मी कधीही समजून घेऊ शकलेलो नाही.

त्या ५४७ मधल्या कितीतरी गाड्या विकत घेतल्या त्याच दिवशी झाकून ठेवल्या गेल्या. आज लिलावात लाखो डॉलरला जातात त्या बहुतेक अशा, सीटवरचं प्लास्टिक न काढलेल्या, शेकड्यांतच मैल चाललेल्या. मला त्यांच्यापाशी उभं राहायला नको वाटतं. टर्बोचं चक्र फिरण्यासाठी घडवलं. त्याच्या बेअरिंगमध्ये तेल फिरलं पाहिजे, सीलला ऊब मिळाली पाहिजे. कोरडी पडलेली गाडी जपलेली असते असं म्हणणं मला यंत्राच्या दृष्टीनेही पटत नाही. साध्या ग्रँड नॅशनलचं नशीब या बाबतीत चांगलं. १९८७ मध्ये त्या वीस हजारांहून जास्त बनल्या, म्हणून त्या चालवल्या गेल्या, ठोकल्या गेल्या, दुरुस्त झाल्या, माणसांच्या आयुष्यात मिसळल्या. शेवटची ग्रँड नॅशनल पॉन्टिअ‍ॅकच्या कारखान्यातून डिसेंबर १९८७ मध्ये बाहेर पडली.

तो पॉन्टिअ‍ॅक गाव वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूच्या उत्तर टोकाला आहे. हा रस्ता डेट्रॉइटच्या नदीपासून निघतो आणि उपनगरं ओलांडत तिथे पोचतो. दर ऑगस्टला एका शनिवारी त्यावर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. १९९५ मध्ये फर्नडेलच्या लोकांनी मुलांच्या फुटबॉल मैदानासाठी पैसे उभे करायला ही सुरू केली. आता कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसलेल्या लोकांची मैलोन्‌मैल रांग लागते, शीतपेट्या, छत्र्या, मक्याचा आणि पेट्रोलचा मिसळलेला वास. आठ सिलिंडरच्या गाड्या लांबून ऐकू येतात, लोक उठून उभे राहतात. ग्रँड नॅशनल आली तर लहान मुलांना आधी कळतही नाही. पण कडेला बसलेल्यांपैकी एक विशिष्ट वयाची माणसं, ज्यांनी इथल्या कारखान्यांत घाम गाळला, टोपी काढतात. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. त्या दिवशी कुणी वेगात जात नाही, जाताच येत नाही इतकी गर्दी असते. तेलाचा भाव, धुराचे कायदे, जपानी गाड्यांची स्पर्धा, बंद पडत चाललेले कारखाने, या सगळ्यात अडकलेल्या माणसांनी हातातल्या सामानातून हे करून दाखवलं होतं. टोपी त्यासाठी निघते.

आजची एखादी विजेवरची घरगुती गाडी हिला सिग्नलवर सहज मागे टाकते, आवाज न करता, न थांबता, कुणालाही न घाबरवता. मी तशीच गाडी रोज वापरतो आणि मुलांना त्याच गाडीतून नेतो. ती कुणी माझ्याकडून काढून घेतली तर मी दुसरी घेईन. ग्रँड नॅशनलच्या बाबतीत आजोबांना असं करता येणार नाही, कारण त्यांची गाडी आणि त्यांच्यातलं सगळं नातं हे तिला ओळखण्यात आहे: कोणत्या दिवशी पेट्रोल चांगलं पडलंय, पंपाचा आवाज आज जरा लांबला का, दिवे कितव्या खुणेवर अडखळले. गाडी माणसाकडे लक्ष मागते आणि ज्याला लक्ष द्यायला आवडतं त्याला भरून पावल्यासारखं वाटतं. तिचं आकर्षण याच मागण्यात आहे. आणि ज्याला हे माहीत नाही त्याच्यासाठी हेच मागणं धोकादायक आहे. दोन्ही एकाच ठिकाणाहून येतं, म्हणून आजोबांच्या वाक्यातले दोन तुकडे मला आता एकमेकांशी भांडताना दिसत नाहीत.

फक्त एका बाबतीत माझं आणि त्यांचं जमत नाही. मी त्यांना म्हटलं, ब्रेकची ती विजेची यंत्रणा काढून टाका. स्टिअरिंगच्या पंपावर चालणारी मदत बसवता येते, साधी पोकळीवाली बसवता येते, मागे डिस्क लावता येतात; सगळं सामान मिळतं, मी स्वतः बसवून देईन. जुने भाग डब्यात ठेवा, कुणाला अस्सलपणा हवा असेल तर परत लावता येतील. त्यांचं म्हणणं, मग ती तीच गाडी राहील का? माझं उत्तर तयार आहे: राहील. बूस्ट येईपर्यंतची ती वाट, तो उंचवटा, ती शिट्टी, झुकणारी दारं, सगळं तसंच ठेवा; त्यांच्यात या गाडीचा स्वभाव आहे. पण ब्रेकच्या तोकडेपणात मला कुठलाही स्वभाव दिसत नाही. अस्सलपणाच्या नावाखाली लोक जेव्हा कमकुवत ब्रेक जपतात तेव्हा मला मनापासून राग येतो. रस्त्यावर समोरून येणाऱ्या माणसाने आपल्या आठवणी जपण्याचं काही वचन दिलेलं नसतं. आणि नातीला ती गाडी कधीतरी मिळावी असं मला वाटतं. आधी रिकाम्या पार्किंगमध्ये, आजोबा शेजारी, डाव्या पायाची युक्ती न शिकवता.

ते अजून 'बघू' म्हणतात.

मध्यंतरी मंडळाच्या गणपतीत एका तरुण मुलाने मला गाठलं. नुकताच नोकरीला लागलेला, हातात मोदकाची वाटी आणि मोबाइलवर काळ्या गाडीचा फोटो. "काका, घेऊ का?" मी त्याला आधी विचारलं, गॅरेज आहे का. आहे म्हणाला. मग सांगितलं: काळ्या रंगामागे धावू नकोस, १९८६-८७ची टी-टाइप किंवा टर्बो-टी बघ, इंजिन तेच, इंटरकूलर तोच, रंग वेगळा, किंमत कमी. चिप बदललेली असेल तर कुणी बदलली आणि बूस्ट किती ठेवला ते लेखी माग. तेलात कॅमचा चुरा येतोय का बघ. गाडी लिफ्टवर चढवून चेसिस मागच्या चाकांच्या मागे हातोडीने वाजवून पाहा, मिठाने तिथेच पोखरलेली असते. रोजची म्हणून घेऊ नकोस. आणि ब्रेकसाठी हजारभर डॉलर पहिल्याच दिवशी बाजूला काढ, ते काम झाल्याशिवाय आईला शेजारी बसवू नकोस. त्याने सगळं मोबाइलवर टिपून घेतलं. ओहायोत एक करड्या रंगाची टर्बो-टी त्याने आता पाहून ठेवली आहे. मालकाने इंजिनाचे फोटो भराभर पाठवले. चेसिसचे, मागच्या चाकांपाशीचे, अजून पाठवलेले नाहीत. ते आल्याशिवाय आगाऊ पैसे द्यायचे नाहीत, हे मी त्याला परवा पुन्हा बजावलं.